पोटातला रक्तस्राव: आधी फॅक्टर, मग तपास

हिमोफिलिया असलेल्या मुलाचा गुडघा सुजला की घरात सगळ्यांना कळतं. गुडघा गरम लागतो, मूल पाय टेकवत नाही. असे चार-दोन प्रसंग काढलेल्या घरातली आजीसुद्धा सांगते, ‘ब्लीड झालंय, फॅक्टर द्यायला न्या.’ पोटाचं तसं नाही. जठरात किंवा आतड्यात रक्त वाहू लागलं तर बाहेर ना सूज दिसते ना जखम. मूल मलूल होतं, जेवण नको म्हणतं, पोट धरून बसतं. परवा जत्रेत काहीबाही खाल्लं त्याचंच असेल, असं घरात ठरतं आणि ओव्याचं पाणी दिलं जातं. दुसऱ्या दिवशी शी काळी होते. पण आठ-नऊ वर्षांचं मूल एकटं शौचालयात जातं, पाणी ओतून बाहेर येतं, आणि ती काळी शी कुणाच्याच नजरेला पडत नाही.

हिमोफिलियातल्या रक्तस्रावांपैकी साधारण ७० ते ८० टक्के सांध्यांमध्ये होतात. त्या मानानं पोटातले थोडे. पण जागतिक हिमोफिलिया महासंघानं जिवावर बेतणारे म्हणून जे रक्तस्राव वेगळे काढले आहेत, त्यांत मेंदू आणि गळा यांच्या पंक्तीला पोट आहे. सातारा-सांगलीकडे यात रस्त्याची भर पडते. जतहून मिरज-सांगली ८०-९० किलोमीटर, दहिवडीहून सातारा साठेक किलोमीटर, आणि कोयनेच्या खोऱ्यातल्या वाडीवरून पाटणला उतरायचं, मग कऱ्हाड, मग पुढं. घरात ‘उद्या बघू’ म्हणून गेलेली रात्र आणि हा रस्ता यांची बेरीज केली की मूल दवाखान्यात पोचतं तेव्हा त्याच्या अंगातलं बरंच रक्त आतड्यात गेलेलं असतं. म्हणून आत काय घडतं, ते ओळखायचं कसं आणि दवाखान्यात कोणती गोष्ट कोणत्या क्रमानं व्हायला हवी, हे नीट समजून घेऊ.

आधी रक्त थांबतं कसं ते पाहू. रक्तवाहिनीला भोक पडलं की प्लेटलेट नावाच्या पेशी धावत येऊन तिथं चिकटतात. हे काम हिमोफिलियाच्या मुलातही ठीक चालतं, म्हणून ब्लेडच्या बारीक कापाचं रक्त त्याचंही थांबतं. पण प्लेटलेटचा हा थर म्हणजे फुटलेल्या पाटाच्या तोंडाशी घाईनं टाकलेले दगड. फटींत माती ठासल्याशिवाय पाणी अडत नाही. रक्तात ती माती म्हणजे फायब्रिनचे धागे. हे धागे तयार होण्याआधी फॅक्टर नावाची बरीच प्रथिनं एकामागून एक जागी होतात आणि त्या साखळीच्या मध्यावर आठवा आणि नववा फॅक्टर जोडीनं काम करतात. नववा काम करणारा, आठवा त्याचा वेग कित्येक पटींनी वाढवणारा. दोघांपैकी एक जरी कमी असला तरी पुढचं थ्रॉम्बिन पुरेसं बनत नाही आणि फायब्रिनचे धागे विरळ, कच्चे राहतात. आठवा कमी असेल तो हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तो बी. फॅक्टरची पातळी एक टक्क्याच्या खाली असेल तर आजार तीव्र, एक ते पाच टक्के असेल तर मध्यम, त्याहून वर चाळीसपर्यंत सौम्य.

हिमोफिलियाच्या मुलाचं रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, ते जास्त वेळ वाहतं. आणि शरीरात ‘जास्त वेळ’ सगळ्यात महाग पडणारी जागा म्हणजे पोट. हाताला कापलं तर आपण फडकं दाबून धरतो. सांगलीच्या पट्ट्यात तर हळद चेपण्याची सवय प्रत्येक घराला. जठराला बाहेरून दाब देता येत नाही. सांध्याच्या बंद पोकळीत रक्त साचलं की तिथला दाब वाढून वाहणं मंदावतं तरी; आतडं ही लांबच लांब मोकळी नळी, तिथं साचण्याला हद्द नाही. त्यात जठरातलं आम्ल आहे. पीएच सहाच्या वर असेल तरच प्लेटलेट आणि गोठण्याची प्रक्रिया धड चालते. जठरात तो त्याच्या कितीतरी खाली असतो. पेप्सिन हे पाचकद्रव्य मांस पचवतं तसं रक्ताची गुठळीही पचवून टाकतं. शिवाय तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या ओल्या अस्तरात गुठळी विरघळवणारी द्रव्यं मुळातच जास्त. म्हणजे आधीच कच्ची गुठळी, तीही आम्लात बुडालेली. थोडं थांबलं असं वाटतं, आणि सहा तासांनी पुन्हा सुरू होतं. ‘काल काळी झाली होती, आज बरा आहे’ यावर विसंबू नये ते यासाठीच.

आता शी पाहणं. हे काम आईचं समजलं जातं. वडिलांनी आणि आजोबांनीही शिकून घ्यावं.

जठरात किंवा त्याच्या लगेच पुढच्या आतड्यात सांडलेलं रक्त आम्ल आणि पाचकरसांमुळे काळं पडतं. अशी शी डांबरासारखी काळी, चकचकीत, चिकट असते. भांड्याला चिकटून राहते, पाण्यानं सहज जात नाही. तिला एक वेगळाच उग्र वास येतो आणि तो एकदा घेतलेला माणूस पुन्हा विसरत नाही. खालच्या आतड्यातलं रक्त मात्र लालभडक किंवा विटकरी दिसतं. वरून वाहणारं रक्त फार जोरात असेल तर काळं व्हायला वेळच मिळत नाही आणि तेही लालच बाहेर येतं. अशा वेळी मुलाचा चेहरा पांढरा पडलेला असतो, हातपाय गार असतात. उलटीत रक्त आलं तर ते ताजं लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट कणीदार असतं.

फसवणाऱ्या गोष्टीही आहेत. लोहाचं टॉनिक चालू असेल तर शी काळपट हिरवी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते आणि तो वासही नसतो. भरपूर जांभळं खाल्ली तरी रंग गडद होतो. बीटानं शी आणि लघवी लाल होते. अलीकडे जत-आटपाडीच्या माळावर ड्रॅगन फ्रूट पिकायला लागलं आहे; त्यातल्या लाल गराच्या जातीनं दुसऱ्या दिवशी शी अशी लाल होते की कुणाचंही काळीज धडधडावं. शंका आली तर एक साधी गोष्ट करता येते. पांढऱ्या कागदावर किंवा कापसावर शीचा अगदी छोटा अंश घ्यायचा, वर दोन थेंब पाणी टाकायचं आणि कडेला पसरणारा रंग पाहायचा. रक्त असेल तर कडेला लालसर-तांबूस छटा पसरते, टॉनिक असेल तर हिरवट-काळी. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे. छटा हिरवी दिसली म्हणून घरी बसायचं, असा तिचा वापर करू नये. फोनवर डॉक्टरांना चार शब्द नेमके सांगता यावेत एवढ्यापुरतीच ती.

रंगापेक्षाही नाडी महत्त्वाची. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ७५ ते ८० मिलिलिटर रक्त असतं. २० किलोच्या मुलात दीड लिटरच्या आसपास. त्यातलं पाव-एक लिटर आतड्यात गेलं तरी मूल चालत-बोलत असू शकतं, कारण लहान मुलांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ टिकवून धरतात. आधी वाढते ती नाडी. रक्तदाब घसरतो तो अगदी शेवटी, आणि मग फार झपाट्यानं. हिमोग्लोबिनही पहिल्या काही तासांत फसवतं: लाल पेशी आणि रक्तातलं पाणी एकाच प्रमाणात गेलेलं असल्यामुळे आकडा जवळपास जुनाच दिसतो. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन दहा आहे म्हणून निर्धास्त झालेल्या घराला दुसऱ्या दिवशी सात पाहून धक्का बसतो, तो यामुळे. घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. मुलाच्या बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं बोट दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. त्याहून जास्त वेळ लागत असेल, हात गार असेल, मूल झोपाळू किंवा उगाच चिडचिडं झालं असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर वेळ न घालवता १०८ ला फोन.

रक्त नेमकं येतं कुठून? दर वेळी पोटातूनच येतं असं नाही. घोळणा फुटलेलं मूल रात्री उताणं झोपलं की नाकातलं रक्त घशात उतरतं आणि गिळलं जातं. सहा-सात वर्षांचं, दुधाचे दात पडणारं मूल दिवसभर हिरडीतून पाझरणारं रक्त थुंकीबरोबर गिळत राहतं. चालायला शिकणारं बाळ तोंडावर पडतं, वरच्या ओठाच्या आतली पातळ पट्टी फाटते आणि दुधाबरोबर रक्त पोटात जातं. तिसऱ्या दिवशी शी काळी. म्हणून डॉक्टर टॉर्च घेऊन आधी तोंड आणि नाक पाहतात. ते पोटाकडे दुर्लक्ष करतायत असं समजू नये. गिळलेलं रक्तही गेलेलंच रक्त असतं, त्यालाही फॅक्टर आणि गुठळी विरघळू न देणाऱ्या ट्रानेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या किंवा गुळण्या लागतात.

पोटातल्या कारणांत मोठ्या मुलांमध्ये जठराची सूज आणि अल्सर वरच्या क्रमांकावर, आणि त्यामागं बऱ्याचदा दोन गुन्हेगार. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. आपल्याकडे तो लहान वयातच पोटात शिरतो. दुसरा, वेदनाशामक गोळ्या. सांधा दुखतो म्हणून जवळच्या मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, ताप उतरत नाही म्हणून दिलेलं आयबुप्रोफेन, किंवा पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांचं एकत्र सिरप. ही औषधं जठराचं अस्तर सोलतात आणि वर प्लेटलेटचं चिकटणंही बिघडवतात. म्हणजे या मुलाकडे जे एकच दगडांचं काम शाबूत होतं, तेही जातं. ॲस्पिरिनचं तसंच. तापाला आणि दुखण्याला फक्त पॅरासिटामॉल, आणि सिरपच्या बाटलीवर त्या एकाच औषधाचं नाव आहे ना हे वाचून घ्यायचं. पावसाळ्यात डेंगीचा ताप असेल तर हे दुप्पट कटाक्षानं, कारण डेंगीत प्लेटलेटही घसरतात.

खालच्या बाजूला सगळ्यात साधं कारण म्हणजे मलावरोधानं पडलेली चीर: कडक शीला बाहेरून लागलेली लाल रेघ आणि मुलाचं रडणं. इतर मुलात ती दोन दिवसांत विसरली जाते, या मुलात रोज थेंब थेंब पडत राहते. दोन ते दहा वर्षांच्या वयात न दुखता लाल रक्त पडलं तर आतड्यातला पॉलिप आठवावा. अगदी लहान बाळाला अचानक भरपूर विटकरी रक्त आलं आणि पोट दुखत नसेल तर मेकेलचा कोंब. शंभरात दोघांच्या आतड्याला जन्मतःच ही छोटी पिशवी असते आणि बहुतेकांना ती आयुष्यभर त्रास देत नाही. आकडी कृमी तर शेतातून अनवाणी फिरणाऱ्या मुलांचे जुने सोबती. ते आतड्याला चावून बसतात आणि रक्त पितात. दरवर्षी १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात, तेव्हा हिमोफिलियाचा मुलगा म्हणून त्याला बाजूला बसवू नये. ती गोळी त्याला चालते, आणि इतरांपेक्षा त्याला तिची गरज जास्त आहे.

काही वेळा पोट दुखतं आणि रक्त कुठंच दिसत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो. एक शक्यता म्हणजे आतड्याच्या भिंतीच्या आत, तिच्या थरांमध्ये रक्त साचणं. भिंत फुगते, वाट अडते, उलट्या होतात. कधी तो फुगलेला भाग पुढच्या आतड्यात दुर्बिणीच्या नळ्यांसारखा शिरतो आणि रक्तमिश्रित शेंबडासारखी शी होते. दुसरी शक्यता पोटाच्या मागच्या बाजूच्या सोआस स्नायूत रक्तस्राव होण्याची. मूल मांडी पोटाशी दुमडून पडतं, पाय सरळ केला की ओरडतं, मांडीच्या पुढच्या भागाला मुंग्या येतात. उजव्या बाजूला असेल तर हुबेहूब अपेंडिक्स. फॅक्टर न देता अशा मुलाचं पोट उघडणं म्हणजे एका रक्तस्रावाचे दोन करणं. सोनोग्राफीत हे दोन्ही दिसू शकतं, आणि यातलं बरंचसं नुसत्या फॅक्टरनं, उपाशी ठेवून आणि सलाईनवर ठेवून ओसरतं. म्हणून हिमोफिलियाच्या मुलाचं पोट जोरात दुखत असेल तर रक्तस्राव नाही हे ठरेपर्यंत तो आहेच असं धरायचं. पोट चोळायचं नाही, शेकायचं नाही, गॅसचं म्हणून कमरेत इंजेक्शन टोचून घ्यायचं नाही. स्नायूत दिलेल्या इंजेक्शननं तिथंच नवं ब्लीड होतं.

आता दवाखान्यात पोचल्यावर. सगळा क्रम एका वाक्यात येतो: आधी फॅक्टर, मग तपास. सोनोग्राफीच्या रांगेत, एंडोस्कोपीवाल्या डॉक्टरांची वाट पाहत, रिपोर्ट येईपर्यंत थांबण्यात फॅक्टर लांबवणं चुकीचं. रोग ठाऊक आहे, प्रकार ठाऊक आहे, वजन ठाऊक आहे. डोस काढायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

हिशेब असा. आठव्या फॅक्टरचं एक युनिट किलोमागे दिलं की पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. पोटातल्या रक्तस्रावाला, फॅक्टर पुरेसा असेल तिथं, पातळी ८० ते १०० टक्क्यांवर न्यायची असते. २० किलोच्या मुलाला १०० टक्क्यांसाठी किलोमागे ५० म्हणजे १००० युनिट. बाटल्या येतात २५० आणि ५०० च्या, म्हणजे ५०० च्या दोन. आठवा फॅक्टर ८ ते १२ तासांत अर्धा होतो, मुलांत त्याहून लवकर, म्हणून पुढचा निम्मा डोस तेवढ्याच अंतरानं. नववा फॅक्टर एका युनिटला एकच टक्का वाढवतो, म्हणून लागतो साधारण दुप्पट. पण टिकतो १८ ते २४ तास. साठा तोकडा असेल तिथं ३० ते ५० टक्क्यांवर भागवतात. तो निर्णय डॉक्टरांचा, पण आकडे आईवडिलांना पाठ असले की ‘२५० ची एक दिली, झालं’ असं कुणी म्हणालं तर त्यांना विचारता येतं.

बाटलीत पांढरी कोरडी पूड असते, सोबत पाण्याची वेगळी कुपी. फ्रिजमधून काढल्यावर दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्यायच्या. पाणी काचेच्या कडेनं हळू सोडायचं आणि बाटली तळहातात धरून गोल गोल फिरवायची. खळखळून हलवली तर फेस होतो आणि प्रथिन बिघडतं. दोन-तीन मिनिटांत द्रव नितळ होतो. मग बारीक सुईनं शिरेत, सावकाश. सुई काढल्यावर निदान पाच मिनिटं कापूस दाबून धरायचा. घाईच्या वॉर्डात ही पाच मिनिटं नर्सकडे नसतात, ती आईनं किंवा वडिलांनी धरायची.

फॅक्टर नसेलच तर? हिमोफिलिया ए असेल तर रक्तपेढीतलं क्रायोप्रेसिपिटेट. १९६४ मध्ये ज्युडिथ पूल या अमेरिकन संशोधक बाईंनी दाखवलं की गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळू वितळवला की तळाशी जो साका उरतो त्यात आठवा फॅक्टर एकवटलेला असतो. एका पिशवीत साधारण ८० युनिट. म्हणजे आपल्या २० किलोच्या मुलाला १००० युनिटसाठी बारा-तेरा पिशव्या. बी असेल तर क्रायोचा उपयोग शून्य, कारण नववा त्यात नसतो. मग ताजा गोठवलेला प्लाझ्मा. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये एकच युनिट, आणि मुलाच्या अंगात किती पाणी ओतायचं यालाही मर्यादा आहे, त्यामुळे पातळी पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढं सहसा जात नाही. प्लाझ्मा चढवत फॅक्टर असलेल्या ठिकाणी हलवायचं, हाच त्यातला शहाणपणा. आणखी एक. हिमोग्लोबिन फार घसरलं तर रक्ताची पिशवी लागते. पण ती असते लाल पेशींची, तिच्यात फॅक्टर नसतो. ‘रक्त चढवलं ना, मग आता काय?’ हा प्रश्न नातेवाईक विचारतात तसा कधी कधी नवखा डॉक्टरही विचारतो.

फॅक्टरच्या जोडीला आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोलसारखं औषध शिरेतून, म्हणजे गुठळी टिकते. गुठळी विरघळू नये म्हणून ट्रानेक्झॅमिक आम्ल. मात्र लघवीतून रक्त जात असेल तर ते देत नाहीत, मूत्रनलिकेत गुठळी अडकते. मूल स्थिर झालं, फॅक्टर पातळीवर आला, की एंडोस्कोपी, शक्यतो पहिल्या २४ तासांत. वाहणारी जागा दिसली तर तिथंच क्लिप किंवा इंजेक्शननं बंद करतात, आणि पायलोरीसाठी अस्तराचा कण घेतात. फॅक्टर दिलेला असेल तर हे सगळं इतर मुलांइतकंच सुरक्षित होतं. रक्त थांबल्यावरही डोस लगेच बंद करायचे नाहीत. कारण सापडेपर्यंत आणि जखम भरून येईपर्यंत, बहुधा आठवडा-दोन आठवडे, पातळी राखावी लागते. मूल हसतं-खेळतं झालं, उसाची तोड खोळंबली आहे, घरी दुसरी लेकरं आहेत, म्हणून चौथ्या दिवशी डिस्चार्ज मागितला जातो. घरच्यांची अडचण खरी असते. पण अल्सर चार दिवसांत भरत नाही.

पुरेसा फॅक्टर देऊनही रक्त थांबत नसेल तर इनहिबिटरची शंका घ्यायची. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या मुलांपैकी पाचात एकाच्या किंवा त्याहून थोड्या जास्त जणांच्या शरीरात बाहेरून दिलेल्या आठव्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि कितीही बाटल्या दिल्या तरी त्या वाया जातात. अशांना आठव्याला वळसा घालून जाणारी औषधं लागतात: सक्रिय सातवा फॅक्टर, किंवा फिबा. आणि मुलाला एमिसिझुमॅबचं त्वचेखालचं इंजेक्शन चालू असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगायचं. त्याच्याबरोबर फिबा दिलं तर नको तिथं गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि एमिसिझुमॅबमुळे एपीटीटी ही रक्त गोठण्याचा वेळ मोजणारी चाचणी खोटीच नॉर्मल दिसते. एमिसिझुमॅबनं एरवीची ब्लीड पुष्कळ कमी होतात, पण अल्सर वाहू लागला तर फॅक्टर लागतोच.

घरी आल्यावर लोहाचं औषध साधारण तीन महिने. त्यानं शी काळपट होणार, म्हणून सुरू करण्याआधीच घरात सांगून ठेवायचं, नाहीतर रोज घाबरगुंडी. पायलोरी असेल तर चौदा दिवसांचा कोर्स पुरा करायचा. तो गेला की नाही हे पाहणारी तपासणी आम्लाचं औषध दोन आठवडे आणि प्रतिजैविक चार आठवडे बंद ठेवल्यावरच खरी येते. लगेच केली तर जिवाणू असूनही नाही म्हणते.

काही मुलांच्या बाबतीत हे सगळं लागू व्हायच्या आधी आजाराचं नावच ठाऊक नसतं. सौम्य हिमोफिलियाचा मुलगा दहा वर्षांचा होतो, सुन्ता किंवा दात काढणं असं काही झालेलं नसतं, आणि पहिलं मोठं ब्लीड पोटातच होतं. प्लेटलेट नॉर्मल, गोठण्याची दुसरी चाचणी पीटी नॉर्मल आणि एपीटीटी लांबलेला असेल तर फॅक्टरची पातळी मोजायलाच हवी. डॉक्टर विचारतात, ‘मामाला असं काही होतं का? मावसभावाला?’ कारण हे जनुक एक्स गुणसूत्रावर, आईकडून मुलाकडे येतं. या प्रश्नानंतर घरात आईकडे ज्या नजरेनं पाहिलं जातं त्याबद्दल बोललंच पाहिजे. सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात कुणालाच हा आजार नसतो, बदल त्या मुलात किंवा आईच्या बीजात नव्यानं झालेला असतो. आणि आई वाहक असली तरी तिनं काही केलेलं नसतं. पुढच्या बाळंतपणाआधी किंवा मावशीच्या लग्नानंतर वाहक तपासणी करायची असेल तर परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था ते काम अनेक वर्षं करते आहे.

राज्यातल्या जिल्हा रुग्णालयांत हिमोफिलियाची डे-केअर केंद्रं पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा ठाणे, नाशिक, अमरावती यांच्याबरोबर सातारा होतं. पूर्वी माण-खटावच्या घरांना फॅक्टरच्या एका बाटलीसाठी पुणे-मुंबई गाठावं लागे; साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयातल्या, लोकांच्या बोलीत ‘सिव्हिल’मधल्या, या सोयीनं तो रस्ता वाचवला. सांगलीच्या बाजूला मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचं सिव्हिल आहे. पण डे-केअर दिवसा चालतं, आणि पोटातलं रक्त रात्रीही वाहतं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत बसलेल्या तरुण डॉक्टरनं हिमोफिलियाचं मूल कदाचित पुस्तकातच पाहिलेलं असतं. त्याला दोष देण्यापेक्षा त्याच्या हातात कागद द्यावा. निघण्याआधी फोन करून फॅक्टर शिल्लक आहे का, कोणता, किती, हे विचारावं. घरी फ्रिजमध्ये बाटल्या असतील तर बर्फाच्या डब्यात घालून बरोबर घ्याव्यात, आणि द्यायला शिकलेलं माणूस घरात असेल तर डॉक्टरांना फोनवर विचारून पहिला डोस देऊनच गाडीत बसावं.

कागद एकच पान असावं, प्लास्टिकच्या पिशवीत, फाईलच्या सगळ्यात वर. त्यावर आजाराचा प्रकार ए की बी, फॅक्टरची मूळ पातळी, इनहिबिटर आहे की नाही आणि शेवटची तपासणी कधीची, रक्तगट, चालू औषधं, नेहमीच्या केंद्राचा आणि डॉक्टरांचा फोन. खाली ठळक अक्षरात: स्नायूत इंजेक्शन नको, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, पोटदुखी, काळी शी, रक्ताची उलटी असेल तर आधी फॅक्टर. आणि मुलाचं वजन, पेन्सिलीनं. वाढत्या वयात ते दर दोन-तीन महिन्यांनी शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या काट्यावर करून, जुना आकडा खोडून नवा लिहायचा. डोस त्याच आकड्यावर निघतो.